रंग उडाला म्हणजे गेला का?

वाचकांचे प्रश्न : जिवाणू, कापडाचे रंग आणि जैवप्लास्टिक

मागच्या अंकात याच सदरात मी दोन वाक्यं लिहिली होती : कापड रंगवून झाल्यावर जे सांडपाणी उरतं त्यातले रंग काही जिवाणू फोडू शकतात, आणि त्यांच्यातलेच काही जण आपल्या पेशीत एक प्रकारचं प्लास्टिक साठवतात. एवढ्यावर पत्रांचा पाऊस पडला. उत्साह पाहून बरं वाटलं, पण निम्म्या पत्रांत 'रंगापासून प्लास्टिक' असा शब्दप्रयोग पाहून जरा धास्तीही वाटली. त्यामुळे यावेळचं सदर सगळं या एकाच विषयाला.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे. जिवाणू रंग कसा खातात? आणि खाल्ल्यावर ते स्वतः रंगीत होत नाहीत का?

बहुतेक वेळा ते रंग खातच नाहीत. खातात दुसरंच काहीतरी, साखर, स्टार्च, ॲसिटेट, जे मिळेल ते. रंगाचा उपयोग त्यांना श्वासासाठी होतो. अन्न जाळताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते कुणाच्या तरी गळ्यात मारावेच लागतात. आपण ते प्राणवायूच्या गळ्यात मारतो. प्राणवायू हाताशी असेल तर हे जिवाणूही त्यालाच धरतात. पण पाणी साचलेलं असेल, हवा पोचत नसेल, तर ते दुसरं गिऱ्हाईक शोधतात. रंगातला ॲझो बंध हे असंच एक गिऱ्हाईक.

ॲझो बंध म्हणजे दुहेरी बंधाने जोडलेले नायट्रोजनचे दोन अणू, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बेंझिनसारखी कडी, म्हणजे कार्बनच्या अणूंची वर्तुळं. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, क्विनाइन बनवायला जाऊन जांभळा रंग बनवला हे तू वाचलं असशील. त्यानंतर दोनच वर्षांनी पीटर ग्रीसने डायझो संयुगं शोधली आणि ॲझो रंगांचा रस्ता मोकळा झाला. आज वापरात असलेल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून जास्त याच घराण्यातले आहेत. बंध आणि कडी मिळून प्रकाश शोषतात म्हणून आपल्याला रंग दिसतो. जिवाणूंनी त्या बंधावर चार इलेक्ट्रॉन लादले की बंध तुटतो आणि रंग दिसेनासा होतो.

प्रयोगशाळेत हे बघायला फार छान असतं. रंग आणि जिवाणू घातलेली बाटली न हलवता ठेवून दिली की ती तळाकडून वर निवळत जाते. वरचा बोटभर थर मात्र बराच काळ रंगीत राहतो, कारण तिथे हवा लागत असते. हीच बाटली शेकरवर सतत हलत ठेवली तर बरेचदा काहीच होत नाही. प्राणवायू असताना रंगाला कोण विचारतो!

आता तुझा दुसरा प्रश्न. हो, जिवाणू रंगीत होतात, आणि तिथेच फसगत होते. रंग पेशीच्या बाहेरच्या भिंतीला चिकटतो. पाणी स्वच्छ दिसतं, पण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर नळीच्या तळाशी बसलेला गोळा गडद निळा निघतो. तो मिथेनॉलने धुतला की रंग जसाच्या तसा परत हातात येतो. अशा वेळी जिवाणूंनी रंग फोडला नाही, फक्त अंगाला फासून घेतला. रंग फुटला असेल तर गोळा मळकट पांढरा असतो. तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कधी असा प्रयोग झाला तर नळीचा तळ आधी बघ.

प्रश्न : मी एम.एस्सी.चा प्रकल्प करतोय. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ हा रंग माझ्या जिवाणूंनी पूर्ण घालवला. पण बाटली उघडून ठेवल्यावर द्रावण पुन्हा गडद झालं. माझं कल्चर मेलं का?

कल्चर ठणठणीत आहे. तुमच्या रंगाचा स्वभावच तसा आहे.

रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ मध्ये दोन ॲझो बंध असतात. ते दोन्ही तुटले की तीन तुकडे होतात : दोन्ही टोकांचे दोन सारखे तुकडे, आणि मधला नॅफ्थॅलीनचा तुकडा. या मधल्या तुकड्यावर तीन अमिनो गट आणि एक हायड्रॉक्सिल गट उघडे पडलेले असतात. असं संयुग हवेत निवांत बसूच शकत नाही. प्राणवायू लागला की त्याचं आपोआप ऑक्सिडेशन होतं आणि पुन्हा रंगीत पदार्थ तयार होतात. हा मूळ रंग नव्हे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण स्कॅन घ्या, फक्त ५९७ नॅनोमीटरला वाचन घेऊन थांबू नका. मूळ शिखर त्याच्या जागी नसेल.

हे तुम्हाला दिसलं याबद्दल अभिनंदन. पुष्कळ जण एका तरंगलांबीवर वाचन घेतात, '९८ टक्के विरंजन' असं लिहितात आणि बाटली सिंकमध्ये ओतून मोकळे होतात. ॲझो बंध तुटल्यावर जे उरतं ते म्हणजे ॲरोमॅटिक अमाइन, अमिनो गट लागलेली तीच कडी. रंग नाही, वास बेताचा, डोळ्यांना दिसत नाही, आणि काही वेळा मूळ रंगापेक्षा जास्त घातक. काँगो रेडचंच बघा. १८८४ पासून बाजारात असलेला हा रंग बेंझिडीनपासून बनतो, आणि त्याचे बंध तोडले की तेच बेंझिडीन परत सुटं होतं. बेंझिडीनने मूत्राशयाचा कर्करोग होतो याबद्दल आता कुणालाच शंका नाही. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात हे फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यविशारदाने १८९५ मध्येच मांडलं होतं. त्याचे कामगार फुक्सिनच्या कारखान्यातले होते, पण संशयाची सुई तेव्हापासून या अमाइनांच्याच घराण्याकडे आहे. युरोपीय संघाने २००२ मध्ये जो नियम केला तो नीट वाचा. बंदी नुसत्या रंगांच्या नावांवर नाही, तर फुटल्यावर ठरावीक २२ अमाइनांपैकी एखादं सोडतील अशा रंगांवर आहे, आणि मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम.

म्हणून दुसरी पायरी लागतेच. पहिल्या टाकीत हवा नको, दुसऱ्या टाकीत भरपूर हवा हवी, म्हणजे तिथले वेगळे जिवाणू ही कडी फोडून त्यांचा कार्बन डायऑक्साइडपर्यंत निकाल लावतात. तुमच्या मधल्या तुकड्यासारखे सल्फोनेट गट लादलेले तुकडे तिथेही नखरे करतात, हे आधीच सांगून ठेवते. एचपीएलसी (पाण्यातली संयुगं वेगळी करून दाखवणारं यंत्र) मिळत नसेल तर निदान सीओडी (पाण्यातला कचरा रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा) मोजा आणि प्रक्रियेच्या आधीच्या व नंतरच्या पाण्यात कांद्याची मुळं वाढवून बघा. रंग गेला आणि मुळं आधीपेक्षा जास्त खुरटली, असं दिसलं तर तोही निष्कर्षच आहे, दडवू नका.

प्रश्न : मी कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) सांभाळतो. पुरवठादाराने दिलेलं जिवाणूंचं पावडर कल्चर टाकलं की काही दिवस रंग उतरतो, मग परत जैसे थे. तो म्हणतो डोस वाढवा. काय करू?

डोस वाढवून फायदा होईल तो पुरवठादाराचा. आधी काही गोष्टी तपासा.

सर्वांत आधी शेडचं, म्हणजे कोणत्या दिवशी कोणता रंग चालवला त्याचं, रजिस्टर काढा आणि ज्या दिवशी रंग उतरला नाही त्या दिवशी काय चाललं होतं ते बघा. टर्क्वॉइज चालू होतं का? टर्क्वॉइज निळा हा तांब्याचा थॅलोसायनीन असतो, त्यात ज्याच्यावर हे जिवाणू तुटून पडतात तो ॲझो बंधच नसतो. तो रंग थोडाफार गाळाला चिकटेल, बाकी बाहेर जाईल. त्या पाण्याला जिवाणूंच्या भरवशावर सोडू नका. काही चकचकीत निळे रंग अँथ्राक्विनोनचे असतात, तेही हट्टी. काळा, लाल, पिवळा, नारिंगी हे बहुतांशी ॲझो, त्यांच्यावर आशा ठेवायला हरकत नाही.

मग मीठ. गडद शेडला डायबाथमध्ये (कापड रंगवायच्या द्रावणात) लिटरमागे ५० ते १०० ग्रॅम ग्लॉबर सॉल्ट किंवा साधं मीठ जातं, वर सोडा ॲश, कधी कॉस्टिक. बाथ सोडताना पीएच ११ च्या घरात आणि पाणी ६० अंशांवर. पाकिटातले जिवाणू ३० ते ३७ अंशांत, बेताच्या मिठात वाढवलेले असतात. डायबाथ थेट त्यांच्या अंगावर सोडला तर ते काय करणार! इक्वलायझेशन टाकीत सगळं पाणी एकत्र होऊन निवायला वेळ मिळतोय का, ते पाहा. ब्लीचिंगमधला उरलेला पेरॉक्साइड तिथे पोचत असेल तर तोही मारक, आणि मरणार नाहीत त्यांचे इलेक्ट्रॉन तो पळवतो.

तिसरी गोष्ट, जिवाणू टाकीत टिकतात का. पाणी जितक्या वेगाने बाहेर जातं त्याहून हळू ते वाढत असतील तर काही दिवसांत धुऊन जाणारच, आणि तुमचं 'काही दिवस' तिथूनच येतं. त्यांना बसायला मीडिया (चिकटून वाढायला आधार) द्या किंवा गाळ परत फिरवा. त्याहून चांगलं म्हणजे तुमच्याच टाकीच्या तळाचा जुना काळा गाळ घ्या, तुमच्याच पाण्यावर हळूहळू प्रमाण वाढवत सरावाला लावा. त्या गाळातल्या जिवाणूंनी तुमचं मीठ आणि तुमच्या शेड पचवून आधीच जम बसवलेला असतो. मला तरी विकतच्या पाकिटांपेक्षा या गाळाचा भरवसा जास्त वाटत आला आहे.

आणि एक. ग्लॉबर सॉल्ट म्हणजे सोडियम सल्फेट. हवा नसलेल्या टाकीत काही जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात. कुजक्या अंड्यांचा वास सुटला तर तेच. सल्फाइड स्वतःही ॲझो बंध तोडतं, म्हणून रंग उतरलेला दिसेल, पण काँक्रीट खाल्लं जाईल आणि बंद टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. वास आला तर टाकीत कुणालाही उतरू देऊ नका. वास यायचा थांबला म्हणजे धोका टळला असंही समजू नका, जास्त प्रमाणात हा वायू नाकच बधिर करतो.

शेड चुकल्यावर तुम्ही हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट) आणि कॉस्टिक टाकून कापड स्ट्रिप करता, म्हणजे चढलेला रंग काढता ना? जिवाणू पहिल्या टाकीत जे करतात ते रासायनिकदृष्ट्या तेच आहे. तेव्हा पुरवठादार पुढच्या वेळी स्वच्छ पाण्याची बाटली दाखवेल तेव्हा त्याला सीओडी विचारा.

प्रश्न : कापडाच्या रंगापासून प्लास्टिक बनवणारे जिवाणू सापडल्याचं ऐकलं. म्हणजे एका कचऱ्यापासून दुसरी उपयोगी वस्तू! मग सगळीकडे हे का करत नाहीत?

आधी हिशेब करू. एक हजार लिटर सांडपाणी घ्या. त्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंग आहे असं धरा, म्हणजे डोळ्यांना चांगलं गडद पाणी. एकूण रंग झाला १०० ग्रॅम. तो सगळा रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ असेल तर त्यात कार्बन फक्त ३१ ग्रॅम, बाकी सल्फर, सोडियम, ऑक्सिजन, नायट्रोजन. या कार्बनचा कण न् कण प्लास्टिकमध्ये गेला, जे कधीच होणार नाही, तरी हाती येतील जेमतेम ५५ ग्रॅम. एक हजार लिटर पाण्यातून.

तेव्हा प्लास्टिक रंगापासून होत नाही. रंग फोडणं हे एक काम, प्लास्टिक साठवणं हे दुसरं. काही जिवाणू दोन्ही कामं करू शकतात, आणि एकाच सांडपाण्यात दोन्ही होऊ शकतात, इथपर्यंत सगळं खरं आहे. पण प्लास्टिकसाठीचा कार्बन दुसरीकडून यावा लागतो.

हे प्लास्टिक आहे तरी काय? पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मॉरिस लेमॉईन यांना १९२६ च्या सुमारास बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत ते सापडलं. पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट असं लांबलचक नाव, सगळे पीएचबी म्हणतात. जिवाणूला कार्बन भरपूर मिळतोय, पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपत आलाय, अशी वेळ आली की त्याला नवी पेशी बनवता येत नाही. मिळालेला कार्बन वाया घालवायचा नाही म्हणून तो, आपण अंगावर चरबी चढवतो तसा, पीएचबीचे कण पेशीत रचत जातो. एकेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान, एका पेशीत पाच-दहा. कुप्रिॲव्हिडस नेकेटरसारखा पट्टीचा साठेबाज असेल तर कोरड्या वजनाचा ८० टक्के भाग प्लास्टिकच.

सूक्ष्मदर्शकाखाली हे बघायचं तर काचपट्टीवर सुदान ब्लॅक बी लावतात, जादा रंग झायलीनने काढतात आणि सॅफ्रॅनिनने उरलेली पेशी रंगवतात. गुलाबी दांड्यांच्या पोटात निळसर काळे मणी दिसतात. गंमत अशी की हा सुदान ब्लॅक स्वतः ॲझो रंगच आहे.

आता कार्बन कुठून आणायचा? कापडाच्याच कारखान्यातून. विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, सुताच्या वजनाच्या साधारण ८ ते १२ टक्के. रंगवण्याआधी डिसायझिंगमध्ये ती सगळी पाण्यात उतरते. १०० किलो सुतामागे १० किलो स्टार्च धरा. तीन किलो साखरेला एक किलो प्लास्टिक हे ढोबळ प्रमाण धरलं तर तीन किलोच्या आसपास पीएचबी, तेही सगळं जमून आलं तर. मघाच्या ५५ ग्रॅमशी ताडून बघा. शिवाय हाच स्टार्च पहिल्या टाकीत रंग फोडायला लागणारे इलेक्ट्रॉन पुरवतो. आंबवल्यावर त्याची ॲसिटिक, प्रोपिऑनिक अशी लहान आम्लं होतात आणि ती या साठेबाजांना फार आवडतात.

खळीत पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, कृत्रिम खळ) मिसळलेलं असेल तर ते तितकं सहज पचत नाही. आणि प्रिंटिंगचं पाणी यात अजिबात मिसळू नये. रिॲक्टिव्ह प्रिंटिंगच्या पेस्टमध्ये युरिया मुबलक असतो, म्हणजे आयता नायट्रोजन. नायट्रोजन मिळाला की जिवाणू साठवणं सोडून पिल्लावळ वाढवतात. टाकी गाळाने भरते, प्लास्टिक मिळत नाही.

प्रश्न : असं बनलेलं प्लास्टिक रंगीत असतं का? त्यात खाद्यपदार्थ ठेवता येतील?

शुद्ध पीएचबी पांढरं असतं. रंगीत निघालं तर धुलाई कमी पडली. रंगाच्या सांडपाण्यातून काढलेल्या प्लास्टिकमध्ये खाण्याची वस्तू मी ठेवणार नाही, कारण पाण्यात न विरघळणारे रंग आणि अमाइन त्या कणांमध्ये मुरून बसू शकतात. झाडाच्या रोपांच्या पिशव्यांनासुद्धा आधी तपासणी हवी.

प्रश्न : १९२६ मध्ये सापडलं म्हणता, मग शंभर वर्षं हे प्लास्टिक कुठे होतं? तेल कंपन्यांनी दाबून ठेवलं का?

नाही हो. उलट एका बड्या रसायन कंपनीनेच ते बाजारात आणलं. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा ब्रिटनच्या आयसीआयने यात हात घातला, 'बायोपॉल' नावाने माल काढला, आणि १९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीच्या शाम्पूच्या बाटल्या त्यापासून बनल्या. तेल पुन्हा स्वस्त झालं. धंदा आधी झेनेकाकडे, १९९६ मध्ये मोन्सॅन्टोकडे, २००१ मध्ये मेटाबॉलिक्सकडे असा फिरत राहिला. कुणी दाबलं नाही, परवडलं नाही.

परवडत नाही याची कारणं त्या कणाच्या जागेतच आहेत. प्लास्टिक पेशीच्या आत आहे. ते काढायला पेशी फोडा, मग क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळवा नाहीतर हायपोक्लोराइटने बाकीचा भाग जाळा. पहिल्यात खर्च आणि विषारी वाफा, दुसऱ्यात प्लास्टिकची लांब साखळीच तुटण्याची भीती. त्यात भांडी निर्जंतुक करायची वाफ, सतत हवा फुंकायची वीज, महाग साखर. एवढं करून हाती येणारं पीएचबी ठिसूळ. पॉलिप्रॉपिलीन ताणलं तर मूळ लांबीच्या कितीतरी पट वाढतं, पीएचबी पाचेक टक्के ताणलं की कट्ट! ते १७५ अंशांच्या आसपास वितळतं आणि थोडं वर गेलं की विघटन सुरू, त्यामुळे साच्यात घालणाऱ्याची तारेवरची कसरत. व्हॅलरेटचे दुवे मिसळून केलेलं पीएचबीव्ही जरा लवचिक असतं, बायोपॉल तेच होतं.

मग आता पुन्हा आशा का? माझ्या मते खरी आशा मिठात आहे. हॅलोमोनास नावाचे मीठप्रेमी जिवाणू लिटरमागे ५० ते ६० ग्रॅम मीठ आणि ९ च्या आसपास पीएच अशा पाण्यात मजेत वाढतात. अशा पाण्यात बाकीचे उपरे जिवाणू तगत नाहीत, म्हणून भांडं निर्जंतुक करायचा खर्चच वाचतो. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या ग्वो-च्यांग चेन यांच्या गटाने हॅलोमोनास ब्लूफाजेनेसिस उघड्या, निर्जंतुक न केलेल्या टाकीत वाढवून भरघोस पीएचबी काढून दाखवलं आहे. याच हॅलोमोनास कुळातले काही जण ॲझो रंगही फोडतात. मीठ आणि अल्कली हे रंगाच्या सांडपाण्याचे दोन दुर्गुण, आणि या जिवाणूंना नेमकं तेच हवं असतं. त्यात मीठप्रेमींची आणखी एक सोय आहे. हॅलोफेरॅक्स मेडिटरेनी हा जिवाणू नव्हे, आर्किया या जिवाणूंसारख्याच पण वेगळ्या सूक्ष्मजीवांच्या गटातला, पण उत्तम साठेबाज. त्याच्या पेशी गोड्या पाण्यात टाकल्या की आपोआप फुटतात, पेशी फोडायला द्रावक लागत नाही.

पण एक अडचण कुणी मोठ्याने बोलत नाही. रंग फोडायला हवा नको, आणि हे बहुतेक साठेबाज हवेवर जगणारे. दोन टाक्या कराव्याच लागतात, आणि दुसऱ्या टाकीत साठवायला कार्बन उरावा म्हणून पहिलीत तो सगळा संपू द्यायचा नाही. सांडपाण्याचा कस रोज बदलतो. खरं संशोधन इथे हवंय, नवा जिवाणू शोधण्यात नाही. पण नव्या जिवाणूवर शोधनिबंध लवकर छापून येतो, त्याला काय करणार!

प्रश्न : हे सगळं करण्यापेक्षा नैसर्गिक निळीकडे का परतू नये? तिथे जिवाणूंची भानगड नाही.

भानगड तिथेच सर्वांत जुनी आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती कापडात शिरावी म्हणून तिचं क्षपण करून, म्हणजे तिच्यावर इलेक्ट्रॉन लादून, विरघळणारं, पिवळसर हिरवं रूप करावं लागतं, आणि हायड्रोस येण्याआधी हजारो वर्षं हे काम पिंपातल्या आंबवणीतले जिवाणूच करत आले. युरोपातल्या वोड वनस्पतीच्या पिंपातून असा एक जिवाणू वेगळाही केला गेला, क्लोस्ट्रिडियम आयसॅटिडिस. कापड बाहेर काढून हवेत धरलं की डोळ्यांदेखत हिरव्याचं निळं होतं. वरच्या एम.एस्सी.च्या मुलाला जी कटकट वाटली, हवा लागली की रंग येणं, ती इथे कारागिरी.

बाकी नैसर्गिक रंगांबद्दल मला ममत्व आहे, भाबडेपणा नाही. बऱ्याच वनस्पतिज रंगांना बंधक म्हणून तुरटी लागते, आणि काही छटांसाठी तांब्याचे, क्रोमियमचे क्षारही वापरले गेले आहेत. ते पाणीही कुठेतरी जातंच.

प्रश्न : हा प्रयोग घरी करता येईल का? मुलांना सुट्टीत दाखवायचा आहे.

रंग फोडायचा प्रयोग घरी नको. काय तयार होईल हे तुम्हाला दिसणार नाही.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मिथाइल ऑरेंज घेऊन 'रंग विघटन व जैवप्लास्टिक' असा प्रकल्प करायचा आहे. काय काळजी घेऊ?

पहिली गोष्ट, मिथाइल ऑरेंज हा आम्ल-अल्कली दाखवणारा रंग आहे. पीएच ३.१ च्या खाली लाल, ४.४ च्या वर पिवळा. तुझे जिवाणू साखर आंबवून आम्ल सोडतील, द्रावण लाल होईल आणि ४६५ नॅनोमीटरचं वाचन सरकेल. त्याला विघटन समजू नकोस. माध्यमात फॉस्फेट बफर भरपूर घाल आणि वाचनाआधी प्रत्येक नमुना एकाच पीएचवर आण.

रंग फुटलाच तर सल्फानिलिक आम्ल आणि डायमिथाइल पॅरा-फिनिलीनडायअमाइन मिळायला हवं. ते दोन्ही मिळाले तरच 'फुटला' असं लिही. हातमोजे शेवटपर्यंत काढू नकोस, दुसरा पदार्थ त्वचेला चांगला नाही.

प्लास्टिकचा भाग वेगळ्या फ्लास्कमध्ये कर. एका फ्लास्कमध्ये फक्त साखर, दुसऱ्यात साखर आणि रंग, तिसऱ्यात फक्त रंग. तिसऱ्यात सुदान ब्लॅकचे मणी दिसले नाहीत तर घाबरू नकोस, बहुधा दिसणारच नाहीत, आणि मार्गदर्शकांना तो निकाल तसाच दाखव. साखर किती घ्यायची यापेक्षा अमोनियम क्षार किती कमी ठेवायचा हे जास्त महत्त्वाचं. वजनाने वीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन इथून सुरुवात कर. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट अजिबात नको, त्यात नायट्रोजन असतो.

आणि ऑटोक्लेव्हमध्ये मारलेल्या जिवाणूंची एक बाटली प्रत्येक वेळी सोबत हवीच. रंग पेशींच्या भिंतीला चिकटून किती जातो ते त्याच बाटलीवरून कळेल. तेवढा आकडा वजा करून मगच टक्केवारी काढ.